संतापावं कसं? काही बिनधोक सूचना

परवा पुन्हा एकदा निषेध म्हणून सगळ्यांचे डीपी काळे झाले. ‘आज गप्प बसाल तर उद्या तुमची पाळी’ हा मेसेज प्रत्येक ग्रुपवर आला. ज्यांनी तो पुढे ढकलला नाही, त्यांची ‘तुमचा पाठिंबा नाही वाटतं?’ अशी चौकशीही झाली. एवढा जोश वाया जाऊ नये, म्हणून या सूचना.

मागणी एकच ठेवा, आणि ती सरकारला फुकटात पुरवता येईल अशी निवडा. ‘फाशी द्या’ झकास. कलमात दोन ओळी वाढवल्या की झालं. 2012 च्या डिसेंबरात निर्भया प्रकरणानंतर दिल्लीचे रस्ते भरले, बलात्काराचे कायदे कसे सुधारावेत हे सांगायला वर्मा समिती नेमली गेली आणि तिने 29 दिवसांत अहवालही दिला. त्यात फाशीची शिफारस नव्हती. पोलीस सुधारणा होत्या, वैवाहिक बलात्काराला दिलेली सूट काढा असं होतं. 2013 च्या कायद्यात ठरावीक प्रकरणांपुरती फाशी आली, सूट जागच्या जागी राहिली. पोलीस सुधारणांचे सात निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्येच प्रकाश सिंह खटल्यात दिलेत. पण त्यांची घोषणा कशी देणार? यमकच जुळत नाही.

एखाद्या अधिकाऱ्याचं निलंबन झालं की समाधान माना. त्या काळात निर्वाह भत्ता चालू असतो, ही किरकोळ बाब विसरा.

हॅशटॅगचं स्पेलिंग मात्र तपासा.

आणि सर्वात महत्त्वाचं: विधेयक मंजूर झालं की लगेच घरी जा. राष्ट्रपतींची सही, कायदा कधीपासून लागू याची अधिसूचना, मग नियम, मग पदनिर्मिती, मग भरती, मग निधी, ही कंटाळवाणी कामं साहेबांवर सोडा. भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासणाऱ्या लोकपालाचं तसंच केलंत ना? 2011 च्या ऑगस्टमध्ये अण्णा हजारेंच्या उपोषणाला दिल्लीचं रामलीला मैदान ओसंडून वाहिलं. 2013 च्या डिसेंबरात विधेयक मंजूर, 2014 च्या जानेवारीत कायदा लागू. आणि पहिला लोकपाल नेमला मार्च 2019 मध्ये! मधली पाच वर्षं काय चाललं होतं? तर निवड समितीत लोकसभेतला विरोधी पक्षनेता हवा, आणि 2014 नंतर तसा मान्यताप्राप्त नेताच नव्हता. एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, त्याच्यावाचून अडायचं कारण नाही, नेमा. त्यानंतरही जवळपास दोन वर्षं गेली. तेव्हा मैदान कुठे होतं? मेणबत्त्या कुठे होत्या?

बास झाली थट्टा. तुमचा राग किती दिवस टिकतो, हे मंत्रालयात पक्कं ठाऊक आहे. ‘कोणाचीही गय केली जाणार नाही’ हे वाक्य तेवढ्याच दिवसांसाठी असतं. केंद्राच्या 2014 च्या धोरणानुसार कायद्याचा मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवायचा असतो. सरकार ते सर्रास धाब्यावर बसवतं, आणि तुम्ही ओरडत नाही, कारण असं काही असतं हेच तुम्हाला माहीत नाही. मसुदा आलाच तर हरकती-सूचना पाठवतात ते ज्यांचे हितसंबंध त्यात अडकलेत ते. तुम्ही पाठवता रडणारी इमोजी. माहिती अधिकारात तीन प्रश्न विचारायला काय जातं? नियम कधी अधिसूचित झाले, मंजूर पदं किती, रिक्त किती. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील टाका. तेवढा अर्ज लिहायचा कंटाळा येत असेल, तर निदान दुसऱ्यांना ‘गप्प का?’ विचारू नका.