तुपाने स्वादुपिंडाला विश्रांती मिळत नाही

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज महिन्यातून दोनदा तरी येतो. त्याचा मथितार्थ असा: मधुमेह फक्त साखरेने होतो, तूप-लोण्याने इन्सुलिन वाढत नाही, म्हणून हवं तेवढं तूप खा, स्वादुपिंडाला आराम मिळेल, गोळ्या सुटतील. यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो इतका पसरतो.

"तुपाने इन्सुलिन वाढत नाही."
नुसतं तूप खाल्लं तर इन्सुलिन फारसं वाढत नाही, हे मान्य. पण नुसतं तूप खातो कोण? पुरणपोळीवर तूप घेतलं की साखर जरा हळू चढते, हेही खरं. मात्र स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर मेदाम्लं (चरबीचे घटक) ओळखणारा एक ग्राही, म्हणजे संदेश टिपणारं प्रथिन, असतो: जीपीआर40. 2003 मध्ये त्याचं हे काम उघड झालं. रक्तात ग्लुकोज चढलेलं असताना मेदाम्लं त्याला चिकटली की पेशी जास्त इन्सुलिन सोडते. म्हणजे आराम नाही, उलट जास्तीचं काम. हे अल्पकाळ चालणं निरोगीच आहे. प्रश्न दीर्घकाळाचा.

"चरबीने स्वादुपिंडाला इजा होत नाही."
खरा घोळ इथे आहे. प्रयोगशाळेत बीटा पेशी पामिटिक आम्लात (एक संपृक्त मेदाम्ल), सोबत भरपूर ग्लुकोज देऊन, काही दिवस ठेवल्या तर त्यांचं इन्सुलिन घटतं. पेशीच्या आत प्रथिनांना घड्या घालून आकार देणारा कारखाना तुंबतो, सेरामाइड नावाचे मेद साचतात आणि काही पेशी मरतात. त्याच भांड्यात ओलेइक आम्ल (एक असंपृक्त मेदाम्ल) घातलं की नुकसान बरंच कमी होतं, कारण मग पेशी जादा मेद निरुपद्रवी थेंबांत बांधून ठेवू शकते. शेंगदाणा तेलात साधारण निम्मं ओलेइक असतं. तुपात पामिटिक जास्त.

पण भांड्यातला प्रयोग म्हणजे माणूस नव्हे. ताटातलं तूप सरळ पेशीवर जाऊन पडत नाही, आणि असे प्रयोग बरेचदा शरीरात असतात त्याहून जास्त मात्रेने होतात. म्हणून मला माणसांवरचा पुरावा मोलाचा वाटतो. 2003 च्या एका अमेरिकी अभ्यासात मधुमेह नसलेल्यांना चार दिवस शिरेतून मेद देऊन रक्तातली मेदाम्लं वाढवली. ज्यांच्या घराण्यात मधुमेह नव्हता, त्यांचं इन्सुलिन वाढलं. ज्यांच्या घराण्यात तो दाट होता, त्यांचं घटलं. तीच मेदाम्लं, पण पेशी वेगळ्या. ज्या घरात आई-वडील दोघांनाही "शुगर" आहे, तिथे हा मेसेज पुढे पाठवू नये असं मला वाटतं ते यामुळे.

"शत्रू एकच, साखर."
जादा साखरेचं यकृत काय करतं? चरबी. आणि ती बनवताना मुख्यतः तयार होतं तेच पामिटिक आम्ल. शिवाय रक्तात मोकळी फिरणारी मेदाम्लं बहुतेक आपल्याच चरबीतून येतात. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की ती आणखी सुटतात. साखर आणि चरबी यांना दोन पक्षांत वाटणं शरीराला मंजूर नाही.

"बारीक माणसाला भीती नाही."
पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. म्हणजे बारीक दिसणाऱ्याच्या अंगातही चरबी बरीच असू शकते.

"तुपाने मधुमेह जातो, गोळ्या बंद करा."
टाइप 2, म्हणजे बहुतेकांना असतो तो मधुमेह, काही जणांत मागे हटतो, पण उलट्या वाटेने. न्यूकॅसलमध्ये 2011 साली 11 जणांना आठ आठवडे दिवसाला सुमारे 600 कॅलरी दिल्या. स्वादुपिंडातली चरबी उतरली आणि साखर चढताच सुटणारा इन्सुलिनचा पहिला झोत परतला. 2017 च्या ब्रिटिश चाचणीत वजन उतरवण्याच्या गटातल्या 46 टक्क्यांचा मधुमेह वर्षभरात माघारी गेला. निदान होऊन सहा वर्षं झालेली नव्हती अशीच ही माणसं, आणि त्यांच्या गोळ्या वैद्यकीय देखरेखीखाली थांबवल्या होत्या.

टाइप 1 मध्ये तर बीटा पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीने मारलेल्या असतात. तिथे तुपाचा संबंधच नाही, आणि इन्सुलिन थांबवलं तर जीव जातो. आमच्या ग्रुपवर माझी भाची आहे, टाइप 1 असलेली. हा मेसेज तिच्याही फोनवर वाजतो.