‘कंपन्या ॲडव्हान्स देतच नाहीत’: घणसोलीहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

कंपन्यांच्या दिवाळी फराळाच्या ऑर्डरी आयत्या वेळी रद्द झाल्या तर काय, यावरच्या माझ्या लेखात ‘50 टक्के ॲडव्हान्स घ्या, लेखी करार करा’ असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: “50 टक्के ॲडव्हान्स घ्या, करार करा, हे लिहायला सोपं आहे. ऐरोली-महापेच्या कंपन्या फराळवालीला ॲडव्हान्स देत नाहीत. हट्ट धरला की ऑर्डर दुसरीकडे जाते. आणि दिवाळीच्या तोंडावर चारशे बॉक्स रद्द झाले तर कोर्टात जाणार कोण?”

पहिला मुद्दा मान्य. सरसकट 50 टक्के हा आकडा लेखात टाकायलाच नको होता. ऑर्डर रद्द झाली की नुकसान किती, हे ऑर्डरच्या रकमेवर ठरत नाही. त्या दिवसापर्यंत तुमचा परत न येणारा पैसा किती गेला होता, त्यावर ठरतं. चणाडाळ, साखर, पोहे, तेल कोठीत पडून असेल तर ते पुढच्या ऑर्डरीला लागतं. भाजणी दळून आणली की दिवस मोजायला लागायचे. चकली तळली की घड्याळच सुरू. पण सगळ्यात आधी बुडतो तो कंपनीचा लोगो छापलेला खोका, कारण तो दुसऱ्या कुणालाच चालत नाही आणि छापून मात्र सगळ्यात आधी घ्यावा लागतो.

म्हणून सुरुवात खोक्यापासून. छापील खोका 70 रुपयांना पडतो असं धरू, म्हणजे 400 चे 28,000. त्याऐवजी साधा, एकरंगी खोका 55 ला घ्या आणि त्यावर लोगोचा कागदी पट्टा 12 रुपयांत चढवा. तीन रुपये कमीच लागतात, आणि ऑर्डर फिसकटली तर बुडतात 4,800. खोके पुढच्या गिऱ्हाइकाला चालतात. पट्टा डिजिटल छपाईचा घेतला तर प्लेटचा खर्च नाही आणि शेवटच्या आठवड्यात छापता येतो. पट्ट्यावर तारीख किंवा ‘दिवाळी’ आणि साल छापू नका, फक्त लोगो. पुढच्या वर्षी तीच कंपनी परत आली तर उरलेले पट्टे कामी येतात.

आता ॲडव्हान्स. कंपनीच्या परचेसवाल्यांना, म्हणजे खरेदी विभागाला, ‘ॲडव्हान्स’ या शब्दाचंच वावडं असतं, कारण त्याला फायनान्सची वेगळी मंजुरी लागते. माल किंवा काम मिळाल्याची नोंद झाली की बिल मात्र नेहमीच्या वाटेने जातं. तेव्हा कोटेशनमध्येच दोन ओळी करा. पहिली: ‘डिझाईन, नमुना बॉक्स व छपाई, 1 जॉब’, खऱ्या खर्चाइतक्या रकमेची. दुसरी: ‘फराळ बॉक्स, 400 नग’. पीओ (पर्चेस ऑर्डर, म्हणजे कंपनीची लेखी खरेदी ऑर्डर) तसाच दोन ओळींचा निघाला पाहिजे. नमुना पोचला, डिझाईनला मेलवर होकार आला आणि पट्टे छापून झाले की पहिल्या ओळीची नोंद करून घ्यायची आणि त्याच दिवशी बिल टाकायचं. या ओळीला जीएसटीचा कोणता कोड लावायचा ते सीएला आधी विचारून ठेवा.

पैसे लगेच येणार नाहीत, हे खरं. पण इथेच कायद्याचा फरक पडतो, आणि या बाबतीत बराच गोंधळ दिसतो. 2006 चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायदा उशिरा मिळणाऱ्या पैशासाठी आहे. रद्द झालेल्या ऑर्डरीला तो थेट लागू होत नाही. दिलेल्या मालाला, झालेल्या कामाला मात्र लागतो. लेखी मुदत ठरलेली नसेल तर 15 दिवस, ठरलेली असली तरी जास्तीत जास्त 45. त्यापुढे रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, दर महिन्याला मुद्दलात मिळवून. म्हणजे दुसरी ओळ रद्द झाली तरी पहिली ओळ हे नुसतं गाऱ्हाणं राहत नाही, येणं होतं. शिवाय तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा थकलेल्या पैशांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे जाते, आणि ती पुरवठादार जिथे असेल तिथली. कंपनीचं मुख्य ऑफिस गुरुग्रामला असलं तरी तुम्हाला तिकडे जावं लागत नाही. तुमच्या ‘कोर्टात कोण जाणार’ला हे अर्धं उत्तर. त्यासाठी ‘उद्यम’ ही लहान उद्योगाची सरकारी नोंदणी ऑर्डर घेण्याआधीची हवी. ती फुकट आहे. पैसे मागणारा एजंट दारातूनच परत पाठवा. वाशीच्या मार्केटमधून सुकामेवा आणून तसाच विकत असाल, तर तो व्यापार झाला आणि त्याला हे व्याजाचं संरक्षण नाही. फराळ बनवणाऱ्याला आहे.

फराळाचे 400 नग एकदम देऊ नका. शंभर-शंभरच्या चार खेपा, प्रत्येकीचं वेगळं डिलिव्हरी चलन, त्यावर सही-शिक्का आणि तारीख. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी तक्रार आली नाही तर तो स्वीकारला असं कायदा धरतो. तळण पुढच्या खेपेपुरतंच करा. बुधवारी ऑर्डर थांबली तर शनिवारची खेप तरी कढईत पडलेली नसते.

पीओच्या मागच्या पानावर, नाहीतर लिंकवरच्या अटींत, ‘कोणतंही कारण न देता रद्द करू’ हे वाक्य बहुतेक वेळा असतं. ते खोडायला सांगू नका, खोडणार नाहीत. काम सुरू करण्याआधी एक मेल टाका: पीओ मान्य, मात्र रद्द केल्यास छपाईच्या होकारानंतर पहिली ओळ पूर्ण देय, आणि तळण सुरू झाल्यावर तयार खेपेची किंमत देय, कळवल्यास काम सुरू करतो. सशर्त होकार म्हणजे कायद्याने नवा प्रस्ताव असतो. त्यावर ‘प्लीज प्रोसीड’ आलं तर तुमची अट करारात आली. काही न लिहिता कढई चढवली तर त्यांच्या अटी तुम्ही मान्य केल्या असा अर्थ निघतो. आणि ‘प्रोसीड’ एचआरच्या व्हॉट्सॲपवरून आलं असेल तर ते धरू नका. बऱ्याच ऑर्डरी फसवणुकीने रद्द होत नाहीत. एचआरने बजेट मंजूर व्हायच्या आधीच हो म्हटलेलं असतं. पीओ नंबर नाही तर किराणाही नाही.

‘रद्द केल्यास 100 टक्के’ असं लिहून फायदा नाही. ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. करार कायद्याच्या कलम 74 नुसार मिळतं ते वाजवी तेवढंच. म्हणून टप्पे खर्चाला बांधा आणि बिलं जपा.

एवढं करूनही रद्द झालीच, तर त्याच दिवशी किती नग तयार, किती अर्धवट, हे फोटोसह मेल करा आणि ‘कमी नग घेता का’ असं विचारा. उरलेला फराळ पट्टा काढून घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत विकला तरी चालेल, किंबहुना विकलाच पाहिजे. नुकसान कमी करायचा प्रयत्न तुम्ही केला नाही तर तेवढी भरपाई कापली जाते. विकून आलेली रक्कम वजा करून फरक मागा.

लोगोचे खोके छापून झालेच असतील तर ते फेकू नका, रद्दीवाल्याला बिल करून विका. नष्ट केलेल्या किंवा फुकट वाटलेल्या मालावरचं जीएसटी क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची घेतलेली वजावट) परत करावं लागतं. विकले तर फक्त रद्दीच्या किमतीवर कर लागतो.