बसायला काय, कुणीही बसेल

आमच्या जुन्या सोफ्याची एक स्प्रिंग गेल्या दिवाळीत रेक्झिन फाडून वर आली आणि फराळाला आलेल्या सोसायटीच्या चेअरमनना लागली. त्यांनी बशीतला चिवडा सांडू दिला नाही, पण पुढची सगळी भेट उभ्यानेच पार पाडली. ते गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "अहो, आता सोफा."

मला वाटलं, रविवारी जाऊ, घेऊन येऊ. पण मुलगी पुण्यात इंटिरिअर शिकते. तिने फोनवरून बजावलं, "बाबा, तू उगाच कुठला तरी कॉर्नर सोफा उचलून आणू नकोस. एक तर डिझायनर घे, नाहीतर विंटेज." विंटेज म्हणजे काय, तर आपण घर बदलताना भंगारवाल्याला जे देतो ते.

तिने पहिला फोटो पाठवला तो 'तोगो' नावाच्या फ्रेंच सोफ्याचा. १९७३ साली मिशेल द्युकारॉय या गृहस्थांनी तो काढला. आत लाकडाचा सांगाडा नाही, खाली पाय नाहीत, सगळा फोम आणि वर चुण्याचुण्यांचं कापड. खुद्द त्यांनीच त्याला टूथपेस्टच्या दुमडलेल्या ट्यूबची उपमा दिली होती. मला मात्र पाऊस आला म्हणून गच्चीवरून घाईघाईने आणून कोपऱ्यात कोंबलेली गादी दिसली.

नाशकात गंगापूर रोडच्या एका दुकानात त्याची नक्कल होती. सोबत आत्या होती. वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम पंचवटीतला वाडा. ती सोफ्याला पहिल्यापासून 'सोपा' म्हणते आणि पोरं तिला हसतात. खरं तर ती बरोबर असावी. सोफा हा शब्दच मुळात अरबी 'सुफ्फा'वरून आलाय, म्हणजे बसायचा ओटा. "आमच्या वाड्यात सोपा आहे," आत्या दुकानदाराला म्हणाली, "बारा माणसं बसतात आणि तो विकत आणावा लागला नव्हता." मग ती त्या ट्यूबवर बसली. बसली ती बसलीच. बैठक जमिनीपासून जेमतेम वीत-दीड वीत. तिला उठवायला एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने सेल्समन, आणि मागून बायको. "बसायला काय, कुणीही बसेल," आत्या पदर सावरत म्हणाली, "उठता आलं पाहिजे."

सेल्समन खचला नाही. "मॅडम, फोम चाळीस डेन्सिटी आहे." मी विचारलं, डेन्सिटी म्हणजे? तो म्हणाला, "कम्फर्ट, सर." घरी येऊन पाहिलं तर एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो, एवढाच त्याचा अर्थ. किंमत सांगतानाही त्याने असाच सोपा अर्थ सांगितला असता तर बरं झालं असतं. आकडा ऐकून आम्ही मिसळ खायला गेलो.

मधल्या काळात मुलीने चंडीगडच्या खुर्च्या पाठवल्या. पिएर जानरे यांनी १९५० च्या दशकात तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी केलेल्या, सागवान आणि वेताच्या. मोडल्या तशा गच्च्यांवर रचल्या, भंगारात लिलाव केल्या, आणि मग त्याच परदेशात लाखांनी विकल्या जायला लागल्या. शेवटी २०११ मध्ये केंद्र सरकारला त्यांची निर्यात रोखायचा आदेश काढावा लागला. हे वाचून माझ्या पोटात कालवलं. आमच्या पाटबंधारे खात्यातली वेताची खुर्ची मी निवृत्त होताना दोनशे रुपयांत मिळत असूनही घेतली नव्हती. तिचा एक पाय विटेवर होता हे खरं, पण चंडीगडच्यांचे तरी सगळे कुठे धड असणार!

शेवटी जुन्या नाशकातल्या एका बोळात आम्हाला 'तो' सापडला. सात फुटी, पाठ आणि हात एकाच उंचीचे, बाहेर वळलेले, अंगभर बटणं. दुकानदार हलक्या आवाजात म्हणाला, "चेस्टरफिल्ड आहे साहेब. कलेक्टर जॅक्सनच्या बंगल्यातला." नाशकात जुनी वस्तू विकणाऱ्याला हे एकच नाव पाठ असतं. जॅक्सन १९०९ मध्ये मारला गेला. मी गुडघ्यावर बसून मोबाईलच्या उजेडात सोफ्याचं पोट पाहिलं. गोणपाट, सुतळीने बांधलेल्या स्प्रिंगा, काथ्या, सगळं झकास. पण सांगाड्याला फुलीच्या खाचेचे स्क्रू. ते स्क्रू आले १९३० च्या दशकात. "जॅक्सनसाहेबाने हे मरणोत्तर बसवले का?" मी विचारलं. दुकानदाराने चहा मागवला.

तेवढ्यात आत्या खाली वाकली. सोफ्याच्या चारही बाजूंना, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक तपकिरी रेघ होती. पट्टीने ओढावी तशी सरळ.

"हा विंटेज लूक आहे, आजी," दुकानदार म्हणाला.

आत्याने शिवणीत नख घातलं, करड्या गाळाची एक बारीक खपली काढली आणि दोन बोटांत चुरून पाहिली. "ही गंगेची माती. कधीचा पूर? दोन हजार आठचा की एकोणीसचा?"

दुकानदार क्षणभर गप्प राहिला. मग सरळ म्हणाला, "एकोणीसचा, आजी. आठला आम्ही सामान वेळेत हलवलं होतं."

गोदावरीला गंगा म्हणणाऱ्या नाशिककरांशी पुराबद्दल खोटं बोलता येत नाही. इथे पाणी फुटात मोजत नाहीत. नदीत उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं असं मोजतात, आणि गंगेवर पूर बघायला आलेला शेंबडा पोरगाही ते अचूक सांगतो. नंतरचा अर्धा तास दोघं सोफा विसरून कुणाच्या दुकानात किती पाणी होतं तेच बोलत होते. अडतीस हजारांचा सोफा साडेसतरावर आला. आत्याचं म्हणणं, पूर पाहूनही फुगलं नाही ते लाकूड सागवानच. बायकोचं म्हणणं, रेघ भिंतीकडे करू. रेघ चारही बाजूंना आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

छोटा हत्तीतून सोफा सोसायटीत आला. लिफ्ट सहा माणसांची, सोफा एकच, तरी मावेना. जिन्याने निघालो. पहिला मजला ठीक. दुसऱ्याच्या वळणावर तो उभा केला, आडवा केला, तिरका केला. एक हात कठड्यावर, पाठ भिंतीला, आणि एक हमाल त्याच्या आणि चेअरमनच्या दाराच्या मधे. आतून चेअरमन विचारत होते, "कोण आहे?" मी म्हटलं, "सोफा." बराच वेळ आतून काही आवाज आला नाही. हमालांपैकी वयस्कर जो होता त्याने घाम पुसत विचारलं, "साहेब, सोफा मोजला होता, का जिना?" दोन्हीही नव्हते. पाय काढून पाहिले, तर ते नंतर लावलेले नव्हते, सांगाड्यातूनच आलेले होते. अस्सल असल्याचा हा एकमेव पुरावा नेमका तेव्हा मिळाला.

संध्याकाळी सोफा पंचवटीत पोचला. वाड्याच्या मोठ्या दरवाज्यातून तो असा आत गेला, जणू माहेरीच आला. आत्याने त्याला सोप्यावर ठेवला, म्हणजे आता सोप्यावर सोपा. त्यावर ती बसत नाही, पापड वाळवते. आमच्या हॉलमध्ये दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, आणि मुलीने त्याला 'मिनिमल' असा शब्द सांगितलाय.

परवा सकाळी पाऊस धो धो कोसळत होता. आत्याचा फोन आला.

"अरे बाळ्या, दुतोंड्याच्या कमरेला पाणी लागलंय. धरणातून अजून सोडणारेत म्हणे. चार माणसं घेऊन ये, तुझा सोपा माडीवर चढवायचाय."

मी विचारलं, "आत्या, माडीचा जिना केवढा आहे गं?"