काळा तंबू आणि 'थाप' हा शब्द

जॉर्डनमधल्या वादी रम या वाळवंटावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : 'भर जुलैत काळ्या तंबूत गार वाटलं, ही शुद्ध थाप. काळा रंग उष्णता शोषतो हे शाळकरी पोरालाही कळतं. पैसे मोजून एक रात्र कॅम्पवर काढायची आणि भटक्यांच्या आयुष्यावर लिहायचं, याला काय अर्थ? जागतिक वारशाचं सालही चुकलंय.'

साल चुकलं, मान्य. वादी रम युनेस्कोच्या यादीत आलं 2011 मध्ये, मी 2010 लिहिलं होतं. दुरुस्त केलंय. आभार.

पण 'थाप'? माझं निरीक्षण चुकलं म्हणा, ऐकून घेईन. थाप म्हणजे जाणूनबुजून खोटं बोलणं, आणि ते तुम्ही एका अनोळखी माणसाला किती सहज म्हणालात! चौदा वर्षं मी रस्त्यांच्या सर्व्हेवर काढली आहेत. भर दुपारी, थिओडोलाइटचं स्टँड खांद्यावर टाकून. ऊन कशाला म्हणतात आणि सावली कशाला, हे मला शाळकरी पोराकडून शिकायचं नाही.

काळा रंग उष्णता शोषतो, नाही कोण म्हणतंय? ती पुढे जाते कुठे, ते बघा ना. बेदुइन या तिथल्या भटक्या अरबांचा तंबू, 'बैत अश-शअर', म्हणजे केसांचं घर. शेळीच्या केसांच्या विणलेल्या पट्ट्या एकमेकींना शिवून तो करतात. वीण सैल असते. आत बसून वर पाहिलं की छतभर सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात. तापलेली हवा तिथून निघून जाते, बाजूचा पडदा वर केला की वारा खेळतो. पाऊस आला की केस फुगतात आणि तीच भोकं बुजतात. त्या दुपारी बाहेर वाळूवर तळहात टेकवत नव्हता. आत मी दीड तास वेलदोड्याची कॉफी पीत बसलो होतो. पेला हलवून परत दिला नाही तर यजमान पुन्हा ओततो, हे मला चौथ्या पेल्याला कळलं.

आणि शास्त्रच हवं असेल तर 1980 साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेला शोधनिबंध वाचा. वाळवंटात भर उन्हात माणूस उभा करून काळा आणि पांढरा असे दोन्ही बेदुइन झगे तपासले होते. काळ्याने उष्णता जास्त घेतली, पण अंगापर्यंत पोचली ती दोन्हींत सारखीच. जादाची वाटेतच निघून गेली. झगा वेगळा, तंबू वेगळा, हे मलाही कळतं. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या तेही काढाल.

राहिलं एका रात्रीचं. हो, कॅम्पवरच राहिलो, दिनार मोजले. तिथले बरेचजण आता रम गावात पक्क्या घरांत राहतात, पर्यटकांना जीपमधून फिरवतात, हेही खरं. त्यानं तंबूतली हवा बदलत नाही.

तुम्ही स्वतः कधी त्या तंबूत बसला आहात का? प्रतिक्रियेत तसं कुठे दिसलं नाही. बसला असाल तर काय वाटलं ते जरूर लिहा, मी ते काढून टाकणार नाही. फक्त 'थाप' हा शब्द मागे घ्या.