विंग गाडी चालवत नाही, काका

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही नाव दिलेलं नाही, 'विल्यम्स ग्रोव्हचा जुना प्रेक्षक' एवढीच सही आहे (विल्यम्स ग्रोव्ह म्हणजे पेनसिल्व्हेनियातला मातीचा ट्रॅक). पण 1979 पासून पेनसिल्व्हेनियात स्प्रिंट कार, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या, डोक्यावर पत्र्याचा मोठा पंख (विंग) असलेल्या शर्यतीच्या गाड्या, बघताय म्हणजे वयानं आणि अनुभवानं मोठे, म्हणून काका म्हणतो. उत्तर लांबणार आहे, तेव्हा वेगळंच टाकतोय.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मी लिहिलं होतं की डेव्हिड ग्रॅव्हल, काइल लार्सन ही आजची ड्रायव्हर मंडळी स्टीव्ह किन्सर आणि सॅमी स्विंडेल या जुन्या दिग्गजांच्या पंक्तीला बसतात. काकांनी लिहिलं, "तुम्ही 2003 ला अमेरिकेत आलात, खरा काळ बघितलाच नाहीत. आता सगळ्या गाड्या सारख्या, सगळं विकतचं. विंग गाडी चालवते, ड्रायव्हर नुसता बसतो. तेव्हा चुरस होती आणि तेव्हा छाती लागायची."

खरा काळ बघितला नाही, हे मान्य. डेस मॉइनला नोकरीला आलो तेव्हा ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं पहिल्यांदा आयोवातल्याच नॉक्सव्हिलला नेलं. अर्ध्या मैलाचा काळ्या मातीचा ट्रॅक. पुश ट्रकनं ढकलत एकेक गाडी सुरू झाली, मिथेनॉलच्या धुरानं डोळे चुरचुरले आणि तिसऱ्या फेरीला ओल्या मातीचा एक गोळा येऊन माझ्या चष्म्याच्या काचेवर बसला. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी न बोलता रुमाल पुढे केला. तेव्हापासून नॉक्सव्हिलची ऑगस्टमधली मोठी स्पर्धा, नॅशनल्स, मी चुकवलेली नाही.

आता चुरशीचं. काका, तुमच्या आवडत्या दशकातलंच 1987 साल घ्या. त्या एका हंगामात किन्सरनं वर्ल्ड ऑफ आउटलॉज या देशभर फिरणाऱ्या मालिकेच्या 46 शर्यती जिंकल्या. कित्येक रात्री दुसरा कोण येणार एवढंच बघायचं उरत असेल. वीस अजिंक्यपदं माणूस उगाच मिळवत नाही आणि त्याचं मोठेपण मला तुमच्याइतकंच प्रिय आहे, पण त्याला चुरस म्हणता येणार नाही. तुम्हाला जी चुरस आठवते ती वेगळी, आणि ती खरीच होती: बाहेरून आलेले आउटलॉज मालिकेचे ड्रायव्हर विरुद्ध तुमची घरची 'पॉसी', म्हणजे पेनसिल्व्हेनियाचे ड्रायव्हर. दर आठवड्याला त्याच मातीवर गाडी घालणारी स्थानिक पोरं देशातल्या अव्वल ड्रायव्हरांना आपल्या अंगणात पाणी पाजायची. पण ते वैर अजून जिवंत आहे. लान्स ड्यूइजनं तुमच्याच विल्यम्स ग्रोव्हवर शंभरावर शर्यती जिंकल्यात, आणि तो तर दोन्ही काळांतला माणूस.

दोन काळ एकमेकांना भिडताना मी स्वतः बघितलेत, म्हणून एवढ्या ठामपणे बोलतोय. 2005 ला किन्सरनं नॉक्सव्हिल नॅशनल्स बाराव्यांदा जिंकली. पुढच्याच वर्षी नव्या पिढीच्या डॉनी शॅट्झनं पहिल्यांदा. तुम्ही म्हणाल, 2006 ला किन्सर आउटलॉज सोडून नव्या मालिकेत गेला होता, म्हणून शॅट्झला आउटलॉजचं अजिंक्यपद मिळालं. मालिकेपुरतं तसं म्हणता येईल. नॉक्सव्हिलला मात्र दोघेही होते. त्यानंतर किन्सर 2014 पर्यंत पूर्ण हंगाम शर्यती खेळला आणि त्याच माणसासमोर, त्याच मातीवर शॅट्झ जिंकत राहिला. आज शॅट्झच्या नावावर अकरा नॅशनल्स आहेत. वय किन्सरच्या विरोधात होतं हे खरं, पण शॅट्झला तुम्ही 'नुसता बसणारा' म्हणता ते मला मान्य नाही.

विंगबद्दल तर मुळीच नाही. विंग आजची नव्हे. 1958 मध्ये ओहायोत जिम कुशमननं गाडीवर ती पहिल्यांदा चढवली, आणि किन्सरच्या बहुतेक विजयांत त्याच्या डोक्यावर विंगच होती. साधारण 635 किलोची गाडी, सुमारे 900 अश्वशक्ती, क्लच नाही, गिअर बदलणं नाही, पाच बाय पाच फुटांचा पत्रा वरून दाबतोय. ट्रॅक ओला आहे तोवर विंगचा आधार मोठा असतो, कबूल. पण रात्र चढते तशी माती सुकते, गुळगुळीत चमकायला लागते, टायर पकडत नाही. भिंतीलगत सैल मातीचा जो बांध साचतो त्यावर उजवं मागचं चाक टेकवून गाडी न्यायची. अर्धा फूट वर गेलं की भिंत, अर्धा फूट खाली आलं की वेग गेला. हातात विंग पुढे-मागे करायचा खटका असतो आणि ती कधी, किती सरकवायची ते ड्रायव्हरच ठरवतो.

छातीबद्दलचं वाक्य मात्र मला लागलं. ड्रायव्हरभोवती संरक्षक पिंजरा नसताना शर्यत खेळणाऱ्या पिढीपुढे मी मान झुकवतो. किन्सरच्याच काळातला डग वुल्फगँग 1992 ला कॅन्सस सिटीत जळत्या गाडीत अडकला होता, ते वाचताना आजही पोटात गोळा येतो. पण 2016 च्या नॅशनल्सला सलग पाच वर्षं जिंकणाऱ्या शॅट्झला हरवून जेसन जॉन्सन जिंकला तेव्हा मी स्टँडमध्ये उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. दोन वर्षांनी, जून 2018 मध्ये, तो विस्कॉन्सिनला शर्यतीत गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात तुमच्या पेनसिल्व्हेनियाचा ग्रेग हॉडनेट गेला. सगळी नवी साधनं असताना गेले. पुढच्या आठवड्यात त्यांचे मित्र पुन्हा हेल्मेट घालून गाडीत बसले. त्यांच्या छातीबद्दल शंका घेऊ नका, एवढी विनंती.

मालिका फुटल्या, दोन दोन झाल्या, असंही तुम्ही लिहिलंय; तो राग समजतो. लार्सन आणि ब्रॅड स्वीटच्या हाय लिमिट या नव्या मालिकेमुळे चांगले ड्रायव्हर दोन ठिकाणी वाटले गेले. पण ड्रायव्हरांनी 1989 लाही वेगळी चूल मांडली होती, आणि ती वर्षभरात विझली.

आता तुम्ही जिथे बरोबर आहात ते. पुढच्या गाडीनं फाडलेल्या हवेत मागच्याची विंग दुबळी पडते, त्यामुळे आघाडीवरच्याला गाठता येतं पण ओलांडता येत नाही. वेग वाढला तसं हे दुखणंही वाढलं. कित्येक फायनल पहिल्या वळणालाच संपतात आणि मलाही तेव्हा वाईट वाटतं. दुसरी गोष्ट मोठी आहे. किन्सरच्या गाडीमागे कार्ल किन्सर होता, जो इंजिनं स्वतःच्या हातानं बांधायचा. इंडियानातल्या एका माणसाला गॅरेजमध्ये काही सुचलं आणि त्यावर हंगाम जिंकला, असं तेव्हा घडू शकायचं. आज तेवढ्या ताकदीचं इंजिन नावाजलेल्या कारखान्यातून पैसे मोजून येतं. ड्रायव्हर कमी पडलेले नाहीत काका, कार्लसारख्यांना जागा उरली नाही. तुमच्या प्रतिक्रियेतली खरी हळहळ मला तिथे दिसली.

म्हणूनच मूळ लेखातलं 'तेव्हा नुसती ताकद होती, आता डोकं आहे' हे माझं वाक्य चुकीचं होतं. ते आज काढून टाकलंय. आणि पॉसीवाल्यांची जी गॅरेजं तुम्ही आत जाऊन बघितलीत, कोण काय बांधायचं, कुठल्या रात्री काय चाललं, ते लिहून पाठवा. काटछाट न करता इथे छापतो.