सत्कारमूर्ती शक्यतो लांबचा बघा

डिसेंबर उजाडला की आमच्या मंडळाच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, यंदा मानवी हक्क दिनाला कुणाचा सत्कार? १९४८ साली १० डिसेंबरला पॅरिसमध्ये तो जाहीरनामा मंजूर झाला, तेव्हापासूनचं हे. तुमच्या गल्लीतही असा काही बेत शिजत असेल तर आधी माझं ऐका, शाल-श्रीफळ आणायचं खातं दहा वर्षं माझ्याकडे आहे, एवढा अनुभव बेळगावच्या अख्ख्या शहापुरात दुसऱ्या कुणाला नाही.

पहिल्यांदा बघायचं ते अंतर. माणूस जितका लांबचा तितका कार्यक्रम निवांत. होंडुराससारखा देश तर फारच सोयीचा, तिथलं धरण कुणी अडवलं काय नि बांधलं काय, आपल्या ओळखीतल्या कुठल्याच कॉन्ट्रॅक्टरचं बिल त्यात अडकत नाही. बर्ता कासेरेस म्हणून बाई होत्या तिथे, लेंका आदिवासींच्या नदीसाठी भांडल्या, २०१५ ला पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला आणि पुढच्या मार्चमध्ये घरात घुसून गोळ्या घातल्या त्यांना. नायजेरियाचे केन सारो-विवा, तोच पुरस्कार १९९५ ला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात फाशी. ह्यावरून मी एवढंच शिकलो की जिवंत माणसाला व्यासपीठावर बसवणं जोखमीचं, त्यापेक्षा फोटोला हार घालावा, फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात स्टेटमेंट देत नाही.

मराठीच माणूस पाहिजे असा हट्ट असला तर बाबा आमटे आहेत की. युनोचा मानवी हक्क पुरस्कार १९८८ ला त्यांना मिळाला होता. फक्त भाषणात 'सेवा' म्हणायचं, 'हक्क' म्हणायचं नाही, आणि नंतर ते नर्मदेच्या काठावर जाऊन राहिले होते तो भाग वेळेअभावी गाळायचा.

जवळचे मात्र कटाक्षाने टाळा. आता जवळचे म्हणजे कोण, तर हायवेवरचे. पुणे-बंगळूर रस्त्यावर आपण मधोमध बसलोय, वर शंभरेक किलोमीटरवर कोल्हापूर, खाली ऐंशीच्या आत धारवाड. कोल्हापुरात पानसरे अण्णा, सकाळी बायकोबरोबर फिरून येताना गोळ्या घातल्या, १६ फेब्रुवारी २०१५. धारवाडात कलबुर्गी सर, घराच्या दारातच, त्याच वर्षी ३० ऑगस्टला, तेही सकाळीच. मीटिंगमध्ये पानसरेंचं नाव काढलं की एकजण म्हणतो वाद नको, कलबुर्गींचं काढलं की दुसरा म्हणतो ते कन्नडवाले, म्हणजे एकाला विचार नडतो, एकाला भाषा नडते, आणि मधल्या मध्ये दोन हार वाचतात.

चिकोडीकडे कब्बूरच्या सीतव्वा जोडट्टी आहेत. सातव्या वर्षी देवाला सोडलेली पोर, मोठी होऊन देवदासी बायकांची संघटना उभी केली, सौंदत्तीच्या डोंगराची वाट हजारो घरांनी सोडावी म्हणून गावोगाव फिरली. २०१८ ला दिल्लीने पद्मश्री दिली तेव्हा आमच्यात पहिली चर्चा झाली ती कब्बूर नेमकं कुठं आलं ह्याची. आता दिल्लीनेच केलाय म्हटल्यावर आपण परत सत्कार कशाला करायचा, खर्च वाढतोय उगीच.

एक गोष्ट खरी, आम्हाला मानवी हक्क कळत नाहीत असं नाही हं. १ नोव्हेंबरला, बेळगाव महाराष्ट्रात पाहिजे म्हणून काढतो त्या काळ्या दिनाच्या फेरीची परवानगी नाकारली की आम्हाला तो जाहीरनामा कलमासकट तोंडपाठ होतो. आमच्या मराठीवाल्यांच्या महामेळाव्याच्या दिवशी पोरांना उचलून गाडीत घातलं की लोकशाहीचा खून. दोन्ही बरोबरच आहे, मीपण एकदा त्या गाडीत बसून आलोय. फक्त कोंडसकोप्पच्या आंदोलनाच्या मंडपात विधानसभेच्या अधिवेशनाच्या वेळी आशा ताया, ऊसवाले, अंगणवाडीच्या बायका उन्हात बसालेल्या असतात, तिथून जाताना मात्र आम्ही म्हणतो, काय ट्रॅफिक करून सोडलंय ह्यांनी.

असो. २०२३ चा कार्यक्रम सांगतो, तो नमुना म्हणून ठेवा. नोबेल होतं इराणच्या नर्गिस मोहम्मदींना. फ्लेक्सवर वर मोठं कन्नड, खाली बारीक मराठी, तिसऱ्या ओळीत नाव. नाव वाचून एक देणगीदार म्हणाला, आपल्यातलं कोण मिळालं नाही काय? मी म्हटलं सायेब, बाई तिथल्या मुल्लांच्या विरोधात भांडालीय. एकदम खूश, ५०१ ची पावती तिथल्या तिथे १००१ झाली. फाशीच्या शिक्षेविरुद्धही भांडते हे मी सांगितलं नाही, पावती परत घेतली असती.

रविवार होता. तिकडे ओस्लोत त्याच दिवशी समारंभ, बाई एविनच्या तुरुंगात, बक्षीस घ्यायला तिची जुळी मुलं आणि स्टेजवर तिच्या नावाची रिकामी खुर्ची. २०१० ला चीनच्या लिऊ शाओबोंची पण अशीच ठेवली होती. म्हटलं आपण पण ठेवूया. मंडपवाल्याकडून लाल मखमलीची, हाताला सोनेरी नक्षी असलेली, लग्नात नवरा बसतो ती आणली. स्वागतगीत संपायच्या आत एका पुढाऱ्याबरोबर आलेला माणूस त्यात जाऊन बसला. उठवणार कोण? त्याच्याच खर्चाने सगळ्यांना खायला कुंदा आला होता, आमची बेळगावची मिठाई. शेवटी नर्गिसबाईंचा फोटो त्याच्या मांडीवर ठेवला आणि फोटोग्राफरला सांगितलं, वरचं वरचं घे.

कार्यक्रम दहाला संपला, आम्ही भांडी-सतरंज्या आवरून घरी. त्याच रात्री, एकच्या सुमारास, काकतीच्या पुढं वंटमुरीत एका पोराने पोरगी पळवून नेली म्हणून त्याच्या आईला घरातनं ओढून बाहेर काढलं, कपडे फाडून लाईटच्या खांबाला बांधलं. सुवर्णसौधात, म्हणजे कर्नाटकच्या इथल्या विधानभवनात, अधिवेशन चालू, अख्ख्या राज्याचे पोलीस बेळगावात, लॉजवर खोली मिळत नव्हती. आणि गावातली माणसं बघत उभी. हायकोर्टाने आपणहून केस घेतली, तेव्हाचे चीफ जस्टिस वराळे, जन्माने आपल्या निपाणीचेच, त्यांनी बघ्यांची चांगलीच हजेरी घेतली. एकच माणूस मध्ये पडला होता. त्यालाही मार बसला.

सकाळी ग्रुपवर आमच्या कार्यक्रमाचे ४० फोटो आणि त्यांच्या मध्येच ही बातमी. कुणीतरी तिच्यावर हात जोडल्याचं चिन्ह टाकलं, त्याच्याखाली मंडपवाल्याने विचारलं, खुर्ची कधी परत पाठवालात?

परवाच्या मीटिंगला एक नवीन पोरगं उठलं, म्हणालं काका, वंटमुरीच्या त्या मध्ये पडलेल्या माणसाला बोलवूया की. सगळे चहात बघायला लागले. मी अंतर मोजलं, गाडीने अर्धा तास. नियमात बसत नाही, त्यात माणूस जिवंत, बोलायला लावलं तर काय बोलेल सांगता येत नाही, कोण कोण उभं होतं ते पण सांगेल. अध्यक्ष म्हणाले विचार चांगला आहे, पुढच्या वर्षी धरूया, यंदा तेवढं बेलारूसचं कोण आहे ते बघा.

शाल माझ्याकडे आहे तशी. त्या वर्षी खडेबाजारातनं दोन आणल्या होत्या, एक पुढाऱ्याला गेली, एक उरली. डांबरगोळ्या घालून कपाटात ठेवलीय.