पडलेल्या पोळीचा पंचनामा

स्वयंपाकघरातला ओटा साधारण ३३ इंच उंच असतो, म्हणजे ८४ सेंटीमीटर. तिथून निसटलेली वस्तू जमिनीला टेकायला सुमारे ०.४ सेकंद लागतो. एवढ्या वेळात तोंडातून फक्त 'अ' निघतो. 'अरेरे'तलं 'रेरे' येईपर्यंत पोळी खाली पोचलेली असते. खरी परीक्षा त्यानंतर. उचलायची, झटकायची, खायची, की कोणी पाहिलं का ते आधी बघायचं? पडलेलं पाच सेकंदांच्या आत उचललं तर खायला हरकत नाही, हा जगभर गाजलेला 'पाच सेकंदांचा नियम' माझ्या मते या शेवटच्या कामासाठीच असावा. पाच सेकंदांत मान दोन्ही बाजूंना आरामात वळते.

या नियमाची तपासणी २००३ साली जिलियन क्लार्क या अमेरिकन शाळकरी मुलीने इलिनॉय विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत केली. आधी तिने विद्यापीठातल्या फरश्यांचे नमुने घेतले, तर त्यांत जंतू फारसे सापडेचनात! शेवटी बिचारीला फरशीवर ई. कोलाय नावाचे जंतू हाताने पसरावे लागले. मग त्यावर बिस्किटं आणि जेलीच्या गोळ्या ठेवल्या, आणि पाच सेकंदांच्या आतच जंतू त्यांवर चढले. पुढच्या वर्षी तिला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीचं पारितोषिक. तिच्या पाहणीतली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: पडलेलं बिस्किट लोक उचलून खातात, पडलेली ब्रोकोली त्या मानाने खूप कमी. आपल्याकडे ब्रोकोलीच्या जागी कारलं घाला. काजूकतली पडली की 'काही होत नाही', आणि कारल्याची फोड पडली की सगळ्यांना एकदम आरोग्यशास्त्र आठवतं.

नियमाची पुरती फजिती झाली ती २०१६ साली. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातले डोनाल्ड शॅफ्नर आणि रॉबिन मिरांडा यांनी स्टील, टाइल, लाकूड आणि गालिचा असे चार पृष्ठभाग घेतले आणि त्यांवर कलिंगड, पाव, लोणी लावलेला पाव आणि जेलीची गोळी टाकली. वेळा चार: एक सेकंदापेक्षा कमी, ५ सेकंद, ३० सेकंद आणि ३०० सेकंद. सगळी मिळून २५६० मोजमापं. जास्त वेळ पडून राहिलं की जंतू जास्त चढतात हे खरंच, पण काही वेळा एक सेकंदही पुरतो. आणि घड्याळापेक्षा मोठा गुन्हेगार निघाला ओलावा. कलिंगडाने सगळ्यांत जास्त जंतू उचलले, जेलीच्या गोळीने सगळ्यांत कमी. जंतूंना पाय नसतात; ओलाव्याची होडी मिळाली की ते पलीकडे जातात.

तेव्हा घड्याळ भिंतीवरच राहू द्या आणि पडलेल्या वस्तूला बोट लावून बघा. शेंगदाणा, चणा, कडक चकली, खाकरा कोरडे, म्हणून त्यातल्या त्यात सुरक्षित. काकडी, कलिंगड, पनीर, साबुदाण्याची खिचडी, श्रीखंड यांच्यासाठी शोकसभाच घ्यावी. द्राक्षाला साल असते, वाहत्या पाण्याखाली चोळून धुता येतं. कलिंगडाची कापलेली फोड धुतली तर फक्त गोडवा जातो. चिवड्याचा प्रश्न वेगळाच. तो पडत नाही, पसरतो. त्यातले काजू तेवढे लोक वेचतात.

फरशीचंही बघावं लागतं. गुळगुळीत टाइलवरून जंतू पटकन चढतात, गालिच्यावरून खूप कमी. आपल्याकडे गालिच्याच्या जागी पंगतीची सतरंजी. पण जंतूंनी सोडलं तरी तिचा तंतू सोडत नाही. तिच्यावर पडलेली जिलबी उचलली की तिला दाढी आलेली असते. कोरडी फरशी ओल्या फरशीपेक्षा बरी, पण कोरडी म्हणजे निर्मळ असं नाही. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू कोरड्या पृष्ठभागावर चार आठवड्यांपर्यंत तग धरू शकतो. सगळ्यांत फसवी फरशी म्हणजे 'आत्ताच पुसलीय' ती. बाहेरची खोली, पॅसेज, बाथरूमचा उंबरा असा प्रवास करून तेच पाणी, तेच फडकं स्वयंपाकघरात आलेलं असतं. वर फिनाइल. अशा फरशीवर पडलेल्या पोळीला जंतूंबरोबर फिनाइलही लागतं. फरशी पुसायला स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी आणि बादलीतलं पाणी मध्ये बदलावं, एवढं जमलं तरी पुष्कळ. ओट्यावर कच्चं चिकन किंवा मासे धुतले असतील तर त्या दिवशी खालची फरशी शत्रुराष्ट्र समजावी. थेंब कुठवर उडालेत ते दिसत नाही.

आता फुंकर. पडलेल्या वस्तूवर फुंकर मारणं हा आपला राष्ट्रीय शुद्धिसंस्कार. त्याने धूळ उडते, एखादी मुंगी दचकते, जंतू जागच्या जागी राहतात आणि आपल्या तोंडातले चार त्यांच्या सोबतीला जातात. झटकण्याचंही तेच.

जंतूंवर खरा उपाय आच. कुकरला लावायची डाळ सांडली तर हळहळू नये. पाखडा, निवडा, तीन-चार पाण्यांनी धुवा. कुकरमध्ये सुमारे १२० अंशांना जंतूंचं काही चालत नाही. खडा मात्र शिजत नाही, म्हणून निवडताना चष्मा लावावा. कणकेचा गोळा पडला तर पिठात घोळवून लपवू नये, कारण केस पिठात लपतो आणि घासात प्रकटतो. खालचा थर सुरीने चांगला बोटभर कापून टाकावा. उरलेल्याची पोळी लाटून टम्म फुगवली की आतल्या वाफेने बाकीचं काम होतं. भाजून झालेली पोळी पडली तर तीच पुन्हा तव्यावर दोन्ही बाजूंनी कडक करावी. जंतू बरेच मरतात. फिनाइलचा वास मात्र खमंग होतो, तेव्हा आधी हुंगावं.

लोणी लावलेला टोस्ट पडला की लोण्याची बाजूच खाली का येते, याचाही हिशेब झालेला आहे. रॉबर्ट मॅथ्यूज या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञांनी तो १९९५ साली मांडला आणि त्यांनाही इग नोबेल मिळालं. टेबलाच्या कडेवरून कलंडलेला टोस्ट हळू फिरतो. तेवढ्या उंचीत त्याची जेमतेम अर्धी गिरकी होते. पूर्ण गिरकी हवी तर टेबल तीनेक मीटर उंच लागेल. लोण्याच्या गोळ्यासकट कडेवरून घसरलेली कडक ज्वारीची भाकरी हाच कायदा पाळते. पोळीला एवढा ताठा नसतो. ती हवेतच मुडपते आणि तूप कधी आत राहतं, कधी बाहेर. म्हणून तूप लावून लगेच घडी घालावी. उघडी पोळी ताटाच्या काठावर ठेवणं म्हणजे तिला ढकलण्यासारखंच.

लोणच्याच्या बाबतीत विनोद नको. बरणीतून काढताना पडलेली फोड पुन्हा बरणीत टाकू नये. तिच्याबरोबर पाणी आणि माती आत जाते, तेलाच्या वर आलेल्या फोडींवर बुरशी धरते आणि एका फोडीपायी वर्षाचं लोणचं जातं. 'कुत्र्याला घाल' म्हणतानाही बेत बघावा. साधी पोळी चालेल. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतात. रांगतं मूल जमिनीवरून चुरमुरा उचलतं तेव्हा आपण जंतूंच्या नावाने ओरडतो. पण तिथे पडलेला शेंगदाणा जास्त घातक, तो श्वासनलिकेत अडकतो. आणि आजारी, म्हातारी, गरोदर माणसं आणि तान्ही मुलं यांच्या ताटात पडलेलं काही वाढूच नये.

राहतं ते अन्न हे पूर्णब्रह्म. अन्नाला पाय लागला की आजी आधी नमस्कार करायला लावते आणि मग ते गाईला घालायला सांगते. फ्लॅटमध्ये गाय नसते. कबुतरांना घातलं तर सोसायटीची नोटीस येते. शेवटी पडलेल्या पोळीची वाट एकच: पाहुण्यांना नाही, मुलांना नाही, 'ह्यांना' तर नाहीच. ती पोळ्या करणारीच्या ताटात जाते, पहिल्या करपलेल्या आणि कालच्या उरलेल्या पोळीच्या शेजारी. तुमच्या घरी पडली होती का हे कळायचं असेल तर डब्यात तळाची पोळी बघा. बाकीच्यांची घडी त्रिकोणी असेल आणि हिची अर्धगोल, तर ती खूण आहे. वाढताना चुकू नये म्हणून तिने करून ठेवलेली.